मेटलनानाचा दिवा

मेटलनानाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. शाळेची स्मरणिका निघाली तेव्हा जुने विद्यार्थी मागे लागले होते, "सर, तुमचा आणि नानाचा एवढा घरोबा होता, दोन पानं द्या." मी डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. ऑपरेशन व्हायचं होतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. नानाबद्दल लिहायला बसलो की एका संध्याकाळपाशी येऊन थांबावं लागणार आणि त्या संध्याकाळी मी काय केलं ते लिहावं लागणार, याची भीती होती. ती अजून गेलेली नाही. एवढं लिहीपर्यंतसुद्धा मी दोनदा उठून फाटकाची कडी पाहून आलो.

गेल्या महिन्यात अलिबागहून मिनीडोर रिक्षाने घरी येत होतो. ड्रायव्हरशेजारी बसलेला एक तरुण आपल्या मित्राची तक्रार करत होता. मित्राने टेम्पो आणतो म्हणून कबूल केलं होतं आणि ऐनवेळी फोन बंद करून ठेवला. "तो म्हणजे मेटलनानाचा दिवा हाय रे," ड्रायव्हर म्हणाला आणि दोघं हसले. आमच्याकडे, नागाव ते चौलच्या पट्ट्यात, नेमक्या वेळी दगा देणाऱ्याला असं म्हणतात. त्या दोघांनी नानाला कधी पाहिलंही नसणार. माझ्या समोरच्या बाकावर नानाची मुलगी शैला मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसली होती. तिने ते ऐकलं. मी ऐकलं हेही तिने पाहिलं. मग ती बाहेर बघत राहिली. मी माझ्या थांब्याच्या बराच आधी उतरलो आणि उरलेली वाट चालत आलो.

नाना म्हटलं की मला आधी त्याचा डावा तळहात आठवतो. लग्नं, पूजा, कबड्डीचे सामने यांना तो मोठे दिवे भाड्याने द्यायचा. मेटल हॅलाइडचे दिवे. धंद्यातले लोक त्यांना नुसतं मेटल म्हणतात. हा दिवा बटण दाबल्याबरोबर पेटत नाही. आधी चोक घुमायला लागतो, काचेच्या आत जांभळट ठिणगी थरथरते, मग ती गुलाबी होते, निळसर होते, हिरवट होते आणि चार-पाच मिनिटांनी कुठे लख्ख पांढरा उजेड पडतो. तेवढा वेळ नाना खांबाखाली मान वर करून उभा असायचा आणि डाव्या तळहातावर तंबाखू मळत राहायचा. दिवा पांढरा झाल्याशिवाय चिमूट तोंडात जायची नाही. कोणी काही विचारायला गेलं तर न बघताच म्हणायचा, "थांब. तो चढतोय." एखादा खांब मागे राहिला की त्याचा अंगठा जोरात फिरायला लागे.

"नाना, पीठ झालं की रे तंबाखूचं," मी चिडवायचो.

"व्हऊ द्या सर. मुलगी सासरी रुळंपर्यंत बापाच्या घशाखाली घास उतरतो का?"

माणूस गरीब स्वभावाचा वगैरे अजिबात नव्हता. बुटका, मोठ्या आवाजाचा, इस्त्रीच्या शर्टाशिवाय खांबाला हात न लावणारा. रेवसपासून रेवदंड्यापर्यंत आपल्यासारखा उजेड कोणाकडे नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि समोरच्याने मान डोलावली नाही तर चार दिवस अबोला धरायचा. पण या सगळ्या तोऱ्याखाली तो सतत घाबरलेला असे. आभाळात ढग आला की घाबरायचा, जनरेटरचा आवाज बदलला की घाबरायचा, सगळं सुरळीत चाललं की जास्तच घाबरायचा. "एवढं नीट चाललंय, म्हंजी काहीतरी आपल्याला दिसत न्हाय," असं म्हणून तो पुन्हा एक फेरी मारून यायचा.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. आमची ओळख एका मेलेल्या दिव्यामुळे झाली. एका रविवारी सकाळी हा टॉवेलात काहीतरी गुंडाळून आला आणि ओटीवर बसला. टॉवेल उलगडला तर आत मोठा लांबट दिवा. "सर, हा मेला. कशानं मेला ते सांगा. दुकानदार सांगतो नवीन घे. नवीन घेणारच हाय, पण ह्याचं काय झालं ते मला कळाया नको?"

मी तो खिडकीच्या उजेडात धरला. बाहेरच्या काचेच्या आत बोटाएवढी एक छोटी नळी असते. खरा दिवा तीच. तिच्या दोन्ही टोकांना टंगस्टनच्या कांड्या असतात, त्यांच्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं, आणि त्या दोन कांड्यांच्या मधल्या वायूतून वीज जाते तेव्हा उजेड पडतो. या दिव्याच्या नळीची दोन्ही टोकं धूर लागल्यासारखी काळी झाली होती. मी नानाला सांगितलं ते असं. कांडी तापलेली असली की तिच्यातून वीज सहज बाहेर पडते, काही त्रास होत नाही. पण सुरुवातीला ती गार असते. तेव्हा वायूतले कण तिच्यावर येऊन आदळतात आणि तिचे कण उडवतात. ते उडालेले कण काचेवर बसतात, तेच हे काळं. म्हणजे दिवा जळण्याने झिजतो त्यापेक्षा पेटण्याने जास्त झिजतो. आणि विझवल्यावर लगेच पेटवू गेलं तर पेटतच नाही, कारण आतला वायू तापून दाबाखाली असतो, त्यातून ठिणगी पार जाऊ शकत नाही. निवायला पाव तास तरी द्यावा लागतो.

नानाने सगळं मन लावून ऐकलं. पुढच्या आठवड्यात एका लग्नाच्या मांडवात तो हेच एका गिऱ्हाइकाला समजावताना मी ऐकलं. "आत दोघी जावा हायत. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. चुलीतला विस्तव एकमेकीला देतात. आता हिनं दिला, मग तिनं दिला, असं चाललेलं असतं. सकाळी हात गारठलेले असले का विस्तव सांडतो आणि भिंत काळी व्हते. एकदा हात ऊब धरला का मग रातभर सांडायचं नाव न्हाय. पण मधीच तू दिवा घालवलास, का दोघींचं भांडण. मग निवल्याशिवाय एकमेकीचं तोंड बघत न्हाईत. तू बटण दाब न्हायतर पाया पड." त्या माणसाने विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? नानाने माझ्याकडे बोट केलं. "आमच्या सरांनी. पुस्तकात हाय." मी पुस्तकात जावा वाचल्या नव्हत्या, पण मला ते माझ्यापेक्षा बरं समजावलेलं वाटलं. नंतर वर्गात मी तेच सांगायला लागलो.

मग ती रीतच पडली. दिवा मेला की नाना तो टॉवेलात गुंडाळून आणायचा, मी उजेडात धरून बघायचो, आणि दिवा खिडकीत ठेवला जायचा. खिडकी भरून गेली तेव्हा माझी बायको म्हणाली, "नानाभावोजी, इथे आता माणसांना बसायला जागा ठेवा. सगळा वॉर्ड तुमच्याच पेशंटांनी भरलाय."

"वहिनी, डाक्टर तुमच्याकडं हाय, मी पेशंट कुठं नेऊ?" असं म्हणून तो दुसरा चहा मागायचा.

बाहेर त्याचा त्याला उपयोग होता. कोणी दिव्यांबद्दल कुरकूर केली की तो सांगायचा, "सरांनी तपासलेले हायत. सरांना विचारा." लोक खरंच मला विचारायचे, आणि मी सांगितलं की गप्प बसायचे. माझ्या शब्दाला गावात वजन होतं. त्याचा मला आनंदही व्हायचा, हे लपवत नाही.

दिवे लावल्यावर बटणांच्या पेटीला नाना कुलूप लावायचा आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचा. चावी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. नागावच्या एका वाडीत लग्न होतं, तिथे नवऱ्याचा मामा आला आणि म्हणाला, पोरांना नाचायला रंगीत दिवे लावायचेत, तेवढा वेळ हे घालव. नाना उठलाच नाही. "मामा, नवरी पळाली तर दुसरी आणाल. हा गेला तर पाव तास तुम्हाला नवरी दिसायची न्हाय." मामा भडकला, वरपक्षाचा मान वगैरे काढला. नाना खुर्चीत बसून राहिला, पण त्याचा हात गळ्यातल्या चावीवर घट्ट होता. भांडायला त्याला आवडत नसे. दिव्यासाठी भांडावं लागे म्हणून तो भांडायचा.

आता ती संध्याकाळ.

आमच्या क्रीडा मंडळाने शाळेमागच्या मैदानावर कबड्डीचे दिवसरात्र सामने ठेवले होते. मैदान सुरूच्या बनाला लागून, वाळूमिश्रित मातीचं. एका बाजूला स्टेज आणि समोर बांबू-फळ्यांची गॅलरी, काथ्याने बांधलेली. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. मला त्या वर्षी पहिल्यांदाच चिटणीस केलं होतं. छातीवर रेशमी बिल्ला होता. दिवे अर्थातच नानाचे. भारनियमनाचे दिवस, त्यामुळे सगळं जनरेटरवर. सूर्य सुरूमागे गेला तसे नानाने दिवे लावले, तंबाखू मळली, सगळे खांब पांढरे झाले, आणि उद्घाटनाचे पाहुणे वेळेवर आलेच नाहीत. ते आले तोवर पुरता अंधार पडला होता.

तेवढ्यात स्टेजमागे दूर ठेवलेल्या जनरेटरचा आवाज नानाला खटकला. तो दोनदा उठला, दोनदा बसला. मग माझ्याकडे आला आणि गळ्यातला दोरा काढून माझ्या हातात दिला. मी त्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. "सर, मी मागं बघून येतो. कोणी आलं तरी देऊ नका. तुम्हाला ठाऊक हाय म्हणून तुमच्याकडं देतो."

पेटी स्टेजच्या कडेलाच होती. पाहुणे समईपाशी उभे राहिले, फोटोग्राफर पुढे आला आणि मान हलवायला लागला. आप्पा माझ्या कानाशी आले. "सर, दोन मिनिटं मोठे दिवे घालवा. फोटोत समईची ज्योतच दिसत नाही."

मी म्हणालो, "आप्पा, हे दिवे लगेच पेटत नाहीत."

"म्हणजे किती वेळ?"

पाव तास, असं मी सांगायला हवं होतं. आप्पांना अडवून हे सांगू शकणारे तिथे दोनच जण होते, आणि दुसरा जनरेटरपाशी होता. पाहुणे माझ्याकडे बघून हसले. मी म्हणालो, "थोडा वेळ लागतो."

"मग लागू दे थोडा. भाषण आहेच की."

मी कुलूप उघडलं आणि बटणं खाली केली.

समई सुंदर दिसली. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मनात तेच आलं. पाच वाती, पितळेवरचा उजेड, पाहुण्यांचा चेहरा. टाळ्या पडल्या. फोटो झाले. मी बटणं वर केली. चोक घुमले आणि वर काहीच झालं नाही. माहीतच होतं मला. तरी मी बटणं खाली केली, पुन्हा वर केली. पुन्हा खाली, पुन्हा वर. असं करायचं नसतं हेही मीच नानाला शिकवलं होतं. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं, कारण माईक चालू होता. थोडं बोलून ते थांबले. अंधारात लोक हसायला लागले, मग शिट्ट्या वाजल्या, मग एक लहान मूल रडायला लागलं. वाऱ्याने समई विझली. "बसून घ्या, जागेवर बसून घ्या," आप्पा माईकवरून सांगत होते. गॅलरीच्या वरच्या फळीवरून काही जणांनी मागे उड्या टाकल्या. त्यांच्या धक्क्याने बाकीचे उठले. मग बांबू पिरगळल्यासारखा एक लांब आवाज आला.

नाना मागून धावत आला. "कोणी घालवला? कोणी घालवला दिवा?" असं ओरडत आला आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबला. कोणाच्या तरी मोबाइलचा उजेड आमच्यावर होता. पेटी उघडी होती आणि मी तिच्यासमोर उभा होतो. त्याने पेटीकडे पाहिलं. वळून गॅलरीकडे धावला.

मग दिवे आले. बटणं मी वरच ठेवली होती, त्यामुळे निवल्यावर ते आपोआप पेटायला लागले. आधी जांभळट, मग गुलाबी, मग निळे. त्या रंगांत आडवी पडलेली गॅलरी हळूहळू दिसायला लागली. बऱ्याच जणांना खरचटलं होतं. चंदर नावाचा एक माणूस खालच्या फळीवर बसला होता, त्याच्या पायावर सगळा सांगाडा आला होता. चंदर आमच्या भागातल्या वाड्यांमध्ये पोफळीवर चढून सुपारी उतरवायचा, एका झाडावरून दुसऱ्यावर झुलत जायचा. नाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन मातीत बसला होता. दिवे पांढरे झाले. दक्षिणेच्या खांबावरचे दोन मात्र आलेच नाहीत. ते माझ्या त्या खाली-वर करण्यात गेले.

पुढच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बैठक झाली. चंदरचा पाय वाचला होता, पण तो पुन्हा झाडावर चढणार नाही हे तोवर कळलं होतं. लोक चिडलेले होते आणि कोणाला तरी जबाब द्यावा लागणार होता. आप्पा म्हणाले, "नेमकी उद्घाटनाच्या वेळी लाईट गेली, त्याला आम्ही काय करणार?"

नाना उठला. "लाईट गेली न्हाय आप्पा. जनरेटर चालू व्हता. माईक चालू व्हता. तुम्हीच बोलत व्हता माईकवर."

"मग तुझे दिवेच गेले म्हणायचे."

नानाने टॉवेल उलगडून ते दोन मेलेले दिवे टेबलावर ठेवले. काळी टोकं सगळ्यांना दिसली. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, जळके दिवे आणून लावले होते."

"जुने हायत," नाना म्हणाला. "मी न्हाय म्हणत न्हाय. पण जुना दिवा एक जाईल, दोन जातील. सगळ्या खांबांवरचे एकदम कसे जातील? ते गेले न्हाईत, घालवले. आणि तापलेला दिवा घालवला का लगेच पेटत न्हाय." मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही सांगा यांना. तुम्हीच मला शिकवलंत."

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. त्यात माझे विद्यार्थी होते. पुढच्या रांगेत चंदरची आई होती. आप्पा आपल्या हातांकडे बघत होते. मी टेबलावरचा एक दिवा उचलला, खिडकीच्या दिशेने धरला, नेहमी धरायचो तसाच, आणि म्हणालो, "आतली टोकं इतकी झिजली की दिवा अचानक जाऊ शकतो."

या वाक्यात एकही शब्द चूक नाही. आजही कोणत्याही परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतील. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

नाना माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तो म्हणणार, चावी सरांकडे होती. मी त्याची वाट पाहत होतो. त्याने म्हटलं असतं तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. नाना म्हणाला, "असंल. सर म्हणतात तर असंल." त्याने दिवे पुन्हा टॉवेलात गुंडाळले आणि तो निघून गेला. ते दिवे त्याने माझ्या खिडकीत आणून ठेवले नाहीत.

त्यानंतर त्याला कोणी बोलावलं नाही. मांडववाले अलिबागहून दुसरा माणूस आणायला लागले. थोड्या वर्षांत एलईडी आले आणि सगळ्यांचेच मेटल भंगारात गेले, तेव्हा आमचे लोक म्हणाले, नानाचा धंदा तसाही बसणारच होता. असं मीही एकदा म्हणालो. आप्पा आता हयात नाहीत. सगळं त्यांच्यावर टाकणं सोपं आहे, पण त्यांना पाव तास माहीत नव्हता. मला माहीत होता.

नाना चंदरकडे जायचा. त्याला टेम्पोत घालून अलिबागला डॉक्टरकडे न्यायचा आणि आणायचा. सुरुवातीला चंदरची आई त्याला उंबऱ्यातच अडवून वाटेल ते बोलायची. नाना खाली मान घालून सगळं ऐकायचा आणि ती दमली की विचारायचा, "झालं, आये? आता त्याला उठवू?" हे मला चंदरनेच सांगितलं. तो आता वाडीत बसून सुपारी सोलतो. "नाना वाईट नव्हता सर," तो म्हणाला, "दिवे वाईट निघाले त्याचे." मी सोललेल्या सुपाऱ्या हातात घेऊन बघत राहिलो.

कुलपाची चावी माझ्या खिशातच राहिली होती. नाना ती मागायला कधी आला नाही. त्याने जुनं कुलूप टाकून दिलं आणि नवीन आणलं. मी ती परत नेऊन दिली असती तर बोलावं लागलं असतं, म्हणून दिली नाही. त्याने का मागितली नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. मला वाचवलं, की आपण चावी दुसऱ्याच्या हातात दिली याचीच त्याला जास्त लाज वाटली? माझ्या टेबलाच्या खणात ती चावी आहे. दोरा कुजून गेला.

नंतर नाना नागावला एका मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर राखणदार झाला. एकदा धीर करून मी गेलो. वाटेत वाक्य जुळवत गेलो. त्याने मला पाहिलं आणि खुर्ची पुसली, चहा टाकला, वहिनींची चौकशी केली. मग बागेतले दिवे दाखवायला घेऊन गेला. "सर, ह्यात जावा न्हाईत." त्याने बटण दाबलं, बंद केलं, दाबलं, बंद केलं. दिवे मुकाट्याने पेटत आणि विझत होते. "काही म्हणत न्हाईत. घालवा, लावा. मला पहिल्यांदा भीतीच वाटायची हात लावायला." तो हसत होता. मी त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारलं आणि घरी आलो. असा मी तीनदा गेलो असेन. दर वेळी घरी आलो की ही विचारायची, "बोललात?" तिला मी सगळं सांगितलं होतं. मग तिने विचारणं सोडलं.

नानाला पुढे दम्याने धरलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं तेव्हा शैलाने फोन केला. "सर, बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितलं." मी चावी खिशात घातली आणि रिक्षाने मांडव्याला गेलो. जेट्टीवर मुंबईच्या रो-रो बोटीसाठी गाड्यांची रांग लागली होती. नाना एका गाडीत मागच्या सीटवर उशीला टेकून बसला होता. काच खाली होती. इस्त्रीचा शर्ट गळ्यापाशी मोठा झाला होता. डाव्या तळहातावर उजवा अंगठा फिरत होता. तंबाखू नव्हती, नुसताच फिरत होता.

"काय मळतोयस रे?"

"काय न्हाय. श्वास चढंपर्यंत बसलोय असाच." मग म्हणाला, "शाळेच्या मैदानावर एलईडी बसवल्यात ना सर?"

"हो."

"घालवल्या का लगेच पेटतात?"

"लगेच."

"बरं झालं," तो म्हणाला.

मी खिशात चावी धरली. "नाना, त्या दिवशी..." एवढं मी म्हणालो. हे मी खात्रीने सांगतो, एवढं म्हणालो होतो. पुढच्या गाड्या हलल्या, जेट्टीवरच्या माणसाने शिट्टी मारली, शैलाने आतून काच वर करायला हात घातला. नानाने तिचा हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. थांबला होता तो. मी पुढच्या गाडीकडे पाहिलं. मग त्याने तिचा हात सोडला आणि म्हणाला, "सर, ऊन लई हाय. सावलीत व्हा." गाडी पुढे गेली आणि बोटीच्या पोटात शिरली. तो मुंबईहून परत आला नाही.

शैला, हे तू वाचशील. मिनीडोरमधली ती पोरंही कदाचित वाचतील. बोट सुटेपर्यंत मी जेट्टीवर उभा होतो, सावलीत गेलो नाही. घरून निघताना जुळवलेलं वाक्य तोंडात तसंच होतं आणि ते फार लांबही नव्हतं. नाना, तुझे दिवे गेले नव्हते, ते मी घालवले होते, आणि बैठकीत मला ते माहीत होतं. मला माफ कर.